मायक्रोवेव्हमधून काढलेली मीडियाची बाटली हातात उसळते, त्यावर उपाय

प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जे पोषक मिश्रण लागतं त्याला आम्ही मीडिया म्हणतो. अगार, म्हणजे समुद्री शेवाळाचा जेलीसारखा गोठणारा पदार्थ, घालून तो बाटलीत गोठवून ठेवतात आणि लागेल तेव्हा मायक्रोवेव्हमध्ये वितळवतात. बाटली मायक्रोवेव्हमध्ये असते तोवर अगदी शांत असते. बीप वाजतो, दार उघडतं, मुलगी किंवा मुलगा बाटली उचलतो, नीट वितळलंय का ते बघायला जरा गोल फिरवतो आणि भसकन अर्धा अगार तोंडातून बाहेर येतो. हातावर, मनगटावर, ॲप्रनवर, ओट्यावर. दर वर्षी नवी बॅच आली की दुसऱ्या-तिसऱ्या प्रॅक्टिकललाच हे एकदा तरी होतं. माझ्या ओळखीत पुण्यातल्या तीन-चार महाविद्यालयांत मीडिया करणाऱ्या बायका आहेत, त्यांचीही हीच तक्रार. बहुतेक वेळा मायक्रोवेव्ह बिघडलाय असं समजून तो बदलायची मागणी होते. नवा आला तरी बाटली उसळतेच, कारण दोष यंत्रात नसतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) एका मुलीचा हात भाजला. नायट्राईलचे पातळ रबरी ग्लोव्ह घातले होते, म्हणून तिला वाटलं हात सुरक्षित आहे. उसळलेला अगार ग्लोव्हच्या कडेवरून वर गेला आणि घड्याळाच्या पट्ट्याखाली शिरला. गरम पाणी सांडलं तर निदान ओघळून जातं. अगार तिथेच थांबला, चिकटला आणि पट्ट्याच्या आत उष्णता धरून बसला. पट्टा सोडवेपर्यंत काही सेकंदच गेले असतील, पण खूण अजून आहे. त्या दिवसापासून या एका बाटलीमागे मी लागले, आणि जे कळलं ते सविस्तर लिहिते आहे.

आधी हे उसळणं कशामुळे होतं ते बघू, कारण ते कळल्याशिवाय सूचना कुणी पाळत नाही.

गॅसवर पातेलं ठेवलं की तळ पाण्यापेक्षा जास्त तापतो. तळावरच्या बारीक ओरखड्यांतून, खड्ड्यांतून बुडबुडे सुटायला लागतात आणि उकळी हळूहळू येते. वाफेचा बुडबुडा तयार व्हायला अशी एखादी जागा लागते, किंवा पाण्यात विरघळलेली थोडी हवा लागते. मायक्रोवेव्हमध्ये या दोन्हींची वानवा. काच फारशी तापत नाही, आतला द्रव तापतो. चांगल्या बाटलीची काच आतून गुळगुळीत असते. आणि आपला मीडिया आधीच ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक) झालेला असल्यामुळे त्यातली विरघळलेली हवा केव्हाच निघून गेलेली असते. म्हणजे बुडबुड्याला सुरुवात करायला कुठेच आधार नाही. द्रव उकळबिंदूच्या वर जातो तरी उकळत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्याच्यावर चार-पाच अंश चढलेला मीडिया बाटलीत आरशासारखा स्तब्ध दिसू शकतो. मग बाटली हलली, ओट्यावर टेकली, आत अगारचा एखादा तुकडा सरकला, की साठलेली सगळी उष्णता एका क्षणात वाफेत जाते.

किती वाफ? ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५० मिलिलिटर मीडिया धरा आणि तो फक्त ५ अंश जास्त तापलाय असं समजा. एक ग्रॅम पाणी एक अंश तापवायला ४.१८ ज्यूल लागतात, म्हणजे जादा उष्णता सव्वापाच हजार ज्यूल. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० ज्यूल लागतात. म्हणजे जेमतेम सव्वादोन ग्रॅम पाण्याची वाफ होणार. ऐकायला काहीच नाही. पण तेवढ्या पाण्याची वाफ सुमारे चार लिटर जागा मागते, आणि बाटलीत रिकामी जागा आहे पाव लिटर. उरलेली वाफ बाहेर येताना समोरचा अगार घेऊनच येते. हा हिशेब मी आता दर वर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला फळ्यावर करून दाखवते. सूचनांचा कागद वाचताना मुलं एकमेकांशी बोलत असतात, हा हिशेब मांडला की गप्प होतात.

दुसरं कारण अगारचं स्वतःचं आहे. गोठलेल्या मीडियात जवळजवळ सगळं पाणीच असतं, लिटरला १५ ग्रॅमच्या आसपास अगार. पण अगारमध्ये अडकलेलं पाणी फिरत नाही. पातेल्यात खालचं गरम पाणी वर येतं, वरचं खाली जातं, उष्णता आपोआप सारखी होते. गोठलेल्या अगारमध्ये हे घडतच नाही. त्यात मायक्रोवेव्हच्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरच शिरतात, आणि ओव्हनच्या पोकळीत काही जागा जास्त तापतात, काही कमी. लहरींची लांबी १२ सेंटिमीटरच्या आसपास असल्यामुळे या गरम-थंड जागा साधारण सहा-सहा सेंटिमीटरवर येतात. परिणाम असा होतो की कडेचा मीडिया वितळून उकळायला आलेला असतो आणि मधला गोळा अजून थंडच असतो. वितळलेल्या भागावर गोठलेल्या अगारचं बूच बसलेलं असतं, खाली वाफ कोंडते. जाड पिठलं शिजताना झाकण काढलं की कसं फुटतं आणि हातावर चटका बसतो, तसंच हे. पिठल्याला निदान आवाज असतो.

आता काय करायचं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि हीच सगळ्यात कमी पाळली जाते: वेळ संपल्यावर दार उघडायचं नाही. आमच्याकडे २५० मिलिलिटरला दोन मिनिटं थांबायचा नियम आहे. बाटली आतच, दार बंद. उसळायचं असेल तर ते आत उसळेल, ओव्हन पुसता येतो. या दोन मिनिटांत उष्णता आत पसरते आणि न वितळलेले शेवटचे तुकडेही बरेचदा विरघळतात, म्हणजे वेळ फुकट जात नाही. प्रॅक्टिकलची घाई असते, मागे चार जण रांगेत असतात, हे मला माहीत आहे. तरीही दोन मिनिटं. त्यानंतर दार उघडून बाटली न हलवता आत वाकून न बघता बाहेरूनच बघायची, मग कोरड्या उष्णतारोधक हातमोज्याने उचलायची, तोंड स्वतःपासून आणि शेजारच्यापासून दूर. ओल्या फडक्याने कधीच नाही, ओल्या कापडातून उष्णता झटकन हाताला लागते. नायट्राईलचा ग्लोव्ह जंतूंसाठी आहे, गरमासाठी नाही. चेहऱ्यावर शील्ड, पूर्ण बाह्यांचा ॲप्रन, आणि घड्याळ, बांगड्या, अंगठ्या काढून खिशात.

उसळू नये म्हणून सुरुवातीपासून जे करायचं ते असं. बाटली निम्म्यापेक्षा जास्त भरायची नाही. ५०० च्या बाटलीत २५०, हवं तर थोडं कमी. ऑटोक्लेव्ह करतानाच हे ठरवावं लागतं, वितळवायच्या दिवशी आठवून उपयोग नाही. फ्रिजमधून काढलेली बाटली तासभर टेबलावर राहू द्यायची. मग झाकण घट्ट असतानाच बाटली तळहातावर आपटून आतला अगार फोडायचा. गोळ्याचे जितके बारीक तुकडे तितकं ते सारखं वितळतं, आणि कोंडलेल्या वाफेला वाटही मिळते. हे एक काम केलं तरी निम्मी तक्रार संपते असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर झाकण सैल. इथे एक बारीक गोष्ट सांगते, कारण मला ती फार उशिरा कळली. आम्ही सगळे ‘अर्धा फेरा सैल’ करत होतो आणि तरी एकदा झाकण उडालं. बाटली धुवायला घेतली तेव्हा दिसलं, तोंडावरच्या आट्यांत मागच्या वेळी सांडलेला अगार वाळून पिवळा पापुद्रा झाला होता. झाकण फिरलं होतं, पण त्या पापुद्र्याने ते चिकटून बसलं होतं. बाहेरून सैल दिसत होतं, आत वाफ कोंडत होती. तेव्हापासून आम्ही झाकण पूर्ण एक फेरा सैल करतो आणि वर टिचकी मारतो. खडखड वाजलं तरच बाटली आत जाते. आटे दर वेळी ब्रशने धुतले जातात. घट्ट झाकणाची बाटली मायक्रोवेव्हमध्ये ठेवणं म्हणजे शिट्टी तुंबलेला कुकर गॅसवर ठेवणं.

ॲल्युमिनियमचा फॉइल, धातूचा चमचा किंवा तार काहीही आत जाता कामा नये, ठिणग्या उडतात. कापसाचं बूच लावलेल्या कॉनिकल फ्लास्कवर कागद आणि रबर बांधतात, त्याखाली कुणीतरी फॉइलही गुंडाळलेला असतो. उघडून बघा. कापसाचं बूचही मला मायक्रोवेव्हमध्ये पसंत नाही. वाफेने ते ओलं होतं आणि ओल्या बुचातून नंतर जंतू आत जातात, शिवाय जास्त वेळ तापलं तर कापूस जळण्याची भीती. मीडिया पुन्हा वितळवायचा असेल तर फ्लास्कपेक्षा स्क्रूच्या झाकणाची बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या काचेची) बाटली बरी. ढवळण्यासाठी टाकलेली चुंबकाची कांडी बाहेर काढा.

ताकद किती ठेवायची? पूर्ण ताकदीवर अडीच मिनिटं लावून चहाला जाणं हेच या सगळ्याचं मूळ आहे. साध्या घरगुती मायक्रोवेव्हमध्ये ५० टक्के म्हणजे अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद. आतला मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, काही सेकंद चालतो, काही सेकंद थांबतो, आणि त्या थांबण्यातच उष्णता बाहेरून आत जाते. म्हणून अर्ध्या किंवा त्याहून कमी ताकदीवर तीस-तीस सेकंद. सुरुवातीच्या दोन-तीन खेपांना, बाटली नुसती कोमट असताना, बाहेर काढून हलकेच फिरवायला हरकत नाही. पण एकदा कडेने वितळायला लागलं, पहिला बुडबुडा दिसला, की त्यापुढे प्रत्येक खेपेनंतर आधी थांबायचं, मग हात लावायचा. बाटली फिरत्या ताटलीच्या बरोबर मध्ये ठेवू नका, जरा कडेला ठेवा, म्हणजे ती गरम-थंड जागांतून फिरत राहते. एका वेळी एकच बाटली. आणि बाटली आत असताना समोरून हलायचं नाही.

बुडबुड्यांना सुरुवात करायला जागा मिळावी म्हणून काही जण काचेचे मणी किंवा सच्छिद्र खडे टाकतात. ऑटोक्लेव्ह करण्याआधी मणी टाकले तर काही प्रमाणात मदत होते, पण त्यांच्यावर भरवसा ठेवून थांबायची दोन मिनिटं वाचवू नका. सच्छिद्र खडे एकदा उकळून थंड झाले की त्यांची छिद्रं द्रवाने भरतात, मग दुसऱ्या वेळी ते कामच करत नाहीत.

उसळण्याइतकीच दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे प्लेट, म्हणजे चपट्या बशीत ओतलेला मीडिया, नीट सेट होत नाही, किंवा पृष्ठभाग गुठळ्यांचा होतो. दहापैकी नऊ वेळा मीडिया पूर्ण वितळलेलाच नसतो. अगार ८५ अंशांच्या आसपास वितळतो आणि गोठतो मात्र ३५ च्या जवळपास. या मोठ्या अंतरामुळेच तो प्रयोगशाळेत आला. १८८१ मध्ये वॉल्टर हेसे जिलेटिनवर जंतू वाढवायला धडपडत होते, उन्हाळ्यात ते वितळून जायचं. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे स्वयंपाकघरात अगार वापरत, त्यांनी तो सुचवला. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये जिलेटिनच्या प्लेटचं काय झालं असतं हे सांगायला नको. पण ८५ ला वितळणारा पदार्थ ७५ ला वितळल्यासारखा दिसू शकतो. बाटली उजेडासमोर जरा तिरकी धरून बघा. काचेला लागून पारदर्शक कडा दिसतात, भिजलेल्या सब्जासारख्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत मीडिया तयार नाही. तसाच ओतला तर अगारचा मोठा भाग बाटलीच्या तळाशी राहतो आणि प्लेटमध्ये पातळ मीडिया येतो. लूप (जंतू पसरवायची तारेची कडी) फिरवला की त्यात रुततो.

प्लेट सेट न होण्याचं दुसरं कारण वारंवार वितळवणं. एकदा वितळवलेला मीडिया उरला म्हणून पुन्हा फ्रिजमध्ये, पुढच्या आठवड्यात पुन्हा मायक्रोवेव्हमध्ये, असं केलं की तो काळपट होतो आणि पकड सैल पडते. मीडिया आम्लधर्मी असेल तर हे लवकर होतं. बुरशीसाठी बटाटा-डेक्स्ट्रोज अगारचा पीएच ३.५ वर आणतात, तो आम्ल घातल्यानंतर पुन्हा तापवायचाच नाही, अगारची साखळीच तुटते. माझा नियम साधा आहे: एकदाच वितळवायचा, उरला तर टाकायचा. १०० मिलिलिटरच्या छोट्या बाटल्या केल्या तर उरतही नाही. उलट प्लेट फार घट्ट आणि कोरडी वाटत असेल तर वाफेवाटे पाणी गेलं आहे. बाटली तापवण्याआधी आणि नंतर वजन करून बघा. २५० ग्रॅमपैकी दहा ग्रॅम गेले असतील तर मीडियातली मिठं आणि अगार चार टक्क्यांनी वाढले, हे लक्षात येतं.

बाटली तडकण्याचं कारण बहुतेक वेळा बाटलीच असते. सलाइनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या धुऊन वापरायची सवय अनेक ठिकाणी आहे. ती साधी काच, अचानक गरम-थंड तिला सोसत नाही. आणि चांगली बाटलीसुद्धा मायक्रोवेव्हमधून काढून थेट कडप्प्याच्या ओट्यावर टेकवली, त्यात डिसेंबरची सकाळ असली, तर टिक असा आवाज येऊन तळ वेगळा होतो. आम्ही ओट्यावर जाड कोरड्या पंचाची घडी ठेवली आहे, बाटली तिच्यावरच.

काही मीडिया मायक्रोवेव्हमध्ये ठेवूच नयेत. रक्त घातलेला, अँपिसिलिनसारखं उष्णतेने खराब होणारं अँटिबायोटिक घातलेला, एक्सएलडी किंवा एसएस अगारसारखा (पोटाच्या आजाराचे जंतू शोधायचा), जो ऑटोक्लेव्हही करत नाहीत. आणि टेस्ट ट्यूबमधले पाच-दहा मिलिलिटरचे बट, म्हणजे ट्यूब उभी ठेवून गोठवलेला मीडिया. इतका थोडा मीडिया क्षणात उकळून बाहेर येतो. त्यांच्यासाठी बीकरमध्ये पाणी उकळून त्यात ट्यूब उभ्या ठेवणं हेच योग्य. दहा-बारा बाटल्या एकदम हव्या असतील तरी मी मायक्रोवेव्ह वापरत नाही. ऑटोक्लेव्हची वाफेची तोटी उघडी ठेवून, दाब न चढवता, बिनदाबाच्या वाफेवर वितळवते. अर्धा-पाऊण तास लागतो, पण सगळ्या सारख्या वितळतात. जेलसाठी अगारोज वितळवणाऱ्या मॉलिक्युलर बायॉलॉजीच्या मुलांना एवढंच, एथिडियम ब्रोमाइड (डीएनए दिसावा म्हणून घालायचा रंग) आधी घालून तापवू नका, जेल ६० अंशांखाली आल्यावर घाला.

मायक्रोवेव्हमध्ये वितळवलं म्हणजे मीडिया निर्जंतुक झाला असं समजू नका. बाटली आधीच ऑटोक्लेव्ह झालेली हवी. वितळवून झाल्यावर ती ४८ ते ५० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवायची आणि मग ओतायची. नव्वद मिलिमीटरच्या प्लेटला पंधरा-वीस मिलिलिटर. नमुना मीडियात मिसळून ओतायचा असेल तर ४५ च्या जवळ, नाहीतर जंतू मरतात आणि मोजणी चुकते. ओव्हनच्या दारावर ‘यात खाण्याचे पदार्थ गरम करू नयेत’ असं मोठ्या अक्षरात लिहा आणि डबा गरम करायला आलेल्याला परत पाठवा, मग तो कितीही वरिष्ठ असो. आत सांडलेला अगार त्याच दिवशी पुसा. वाळलेला डाग पुढच्या वेळी तापून जळतो.

आणि एवढं करूनही कुणाला भाजलंच, तर हात ताबडतोब नळाखाली, साधं वाहतं पाणी, पूर्ण २० मिनिटं. पाणी चालू असतानाच घड्याळ, बांगड्या, अंगठ्या, ओला ॲप्रन काढा. कातडीला घट्ट चिकटलेलं ओढून काढू नका. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तूप नको, हळद नको. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्या दिवशी तिघीजणी तीन वेगळे उपाय घेऊन धावत आल्या होत्या आणि सगळ्यांच्या मनात प्रेमच होतं. नंतर स्वच्छ कापडाने सैलसर झाकून डॉक्टरांकडे. डोळ्यात उडालं असेल किंवा फोड मोठे असतील तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा.

एक राहिलं. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी अनेकदा पाणी बंद असतं हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्याचा या कामाशी संबंध जोडायचं कुणाच्या लक्षात येत नाही. आमची टीवायची एक बॅच गुरुवारीच असते. म्हणून बुधवारी संध्याकाळी प्रयोगशाळेतले शिपाई मामा वीस-वीस लिटरच्या दोन बादल्या भरून, वर झाकण ठेवून, तांब्यासकट मायक्रोवेव्हच्या शेजारी ठेवतात. ज्या गुरुवारी बादल्या भरलेल्या नसतात, त्या दिवशी आम्ही मीडिया वितळवत नाही.